खरवडलेली जागा

मंडईत मी घेवडा निवडत होते. निवडत म्हणजे मालनबाईंच्या ढिगातली एकेक शेंग उचलून, मोडून बघत होते, आणि मालनबाई माझ्याकडे बघत होत्या. “बाई, सगळ्या हितंच मोडा. मी फोडणी पन देते,” असं त्या म्हणाल्या, तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. अनोळखी नंबर मी घेत नाही. या वयात मला कर्ज द्यायला टपलेली माणसं आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारी माणसं सोडली तर अनोळखी कोणी फोन करत नाही. तरी त्या दिवशी घेतला. पलीकडून एका मुलीचा आवाज म्हणाला, “नमस्कार. एस. व्ही. म्हणजे आपणच का?” मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. हातातली शेंग तेवढी न मोडता ढिगात परत टाकली.

एस. व्ही. सुहासिनी वर्तक. या दोन अक्षरांनी मला कोणी कधी हाक मारलेली नाही. ती नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या चौकटीत, दोन मिलिमीटर उंचीची असायची आणि ती मीच काढलेली असायची. मंडईच्या त्याच कोपऱ्यावर, जिथे आता फोनची कव्हरं विकायला बसतात, सकाळी आठला आमची मॅटाडोर उभी राहायची. तिच्यातून आम्ही विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला जायचो. तेव्हा तिथे बाभळी होत्या, वीटभट्टी होती आणि त्यापलीकडे पत्र्याच्या लांबच लांब शेडमध्ये आमची लॅब. आत चार टाक्या, एकेक टाकी लग्नाच्या मांडवाएवढी. धक्के, बंदरं, बंधारे बांधणारे लोक आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांचा समुद्र लहान करून टाकीत बांधून द्यायचो. समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर, घाटाच्या वर बसून. ओल्या सिमेंटचा, शेवाळाचा आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा तो वास आज इतक्या वर्षांनी मंडईत, मालनबाईंच्या समोर, मला आला. मी घेवडा न घेताच घरी निघाले. मागून मालनबाई काहीतरी बोलल्या, ते योग्यच असणार.

मुलीचं नाव अपेक्षा. चार वाजता येते म्हणाली आणि चारला आली, याबद्दल मी तिला मनातल्या मनात बरे गुण दिले. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारात उभी राहून ती धापा टाकत होती. पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळी. ती नळी मी लगेच ओळखली. अशा नळ्यांमध्ये आम्ही मूळ नकाशे गुंडाळून ठेवायचो. मी तिच्याकडे न बघता चहा ठेवायला गेले. अपेक्षा मूळची वाशिमची, इथे लाटांवर संशोधन करते. समुद्र पहिल्यांदा वयाच्या विसाव्या वर्षी पाहिला म्हणाली. “मी एकतिसाव्या,” मी म्हटलं. तिला ते विनोदासारखं वाटलं, पण ते खरं होतं. ज्या बेटाच्या तळाचा नकाशा मी सत्ताविसाव्या वर्षी काढला, ते बेट मी आजही पाहिलेलं नाही. ज्याने तो तळ बांधला त्याने तर समुद्रच पाहिला नव्हता. कोंडीराम त्याचं नाव. कळस गावचा गवंडी. आमच्याकडे रोजावर होता.

अपेक्षाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर माझा नकाशा होता, कुणीतरी स्कॅन केलेला. अरबी समुद्रातलं ते ताटलीएवढं बेट, जिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे माडाचा शेंडा असं लॅबचे साहेब म्हणायचे. त्याच्याभोवती समान खोलीच्या रेषा, एकीच्या बाहेर एक. “मॅम, काय लाइन्स आहेत! हे हाताने?” ती म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या रेषांना लॅबमध्ये मान होता. मी काढलेली रेष कुठे सुरू झाली आणि पेन कुठे उचललं ते कोणाला सांगता यायचं नाही. आमचे साहेब, रंगनाथराव, बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणायचे. कोंडीराम मात्र रेषा बघून कधी वा म्हणाला नाही. तो विचारायचा, “हितं बोट ठिवलं तर पानी कुटवर येतंय?” मी सांगायची, घोट्यापर्यंत, किंवा माडभर. तेवढ्यावर तो थापी उचलायचा. रेषांमधलं अंतर बघून उतार ओळखायला तो महिन्याभरात शिकला. दुपारी डबा खाताना तो मला गिलावा कसा तपासायचा ते दाखवायचा: डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. अंगठा फिरवायचा, आणि कुठे अडतो ते बघायचं. “डोळा फशिवतो, बाई. अंगठा न्हाई फशिवत.” त्याच्या अंगठ्याला नख जवळजवळ उरलंच नव्हतं.

“ॲक्च्युअली प्रॉब्लेम असा आहे,” अपेक्षा सांगत होती, “की आमच्याकडे बाहेरच्या खोल पाण्याचा डेटा एकदम नवीन आहे, बोटीवरच्या सोनार यंत्राचा. पण किनाऱ्याजवळ प्रवाळ आहे, सर्वेची बोट आत जाऊ शकत नाही. तिथलं जे काही आहे ते फक्त तुमच्या शीटवर आहे.” बेटावर शाळा बांधायची आहे. दोन मजली, उंच खांबांवर, त्सुनामी आली तर सगळ्या गावाला वर चढता येईल अशी. दोनशेसाठ मुलं, आणि वेळ आली तर त्यांचे आईबाप. जागा उत्तरेच्या किनाऱ्याला बघितली आहे, कारण रिकामी जमीन तिथेच आहे. तिने माझ्या आकड्यांवरून लाट चालवून बघितली होती. उत्तरेला सगळीकडे पाणी सारखं आणि बेताचं चढतं, इमारत सहज टिकते. पंधरा दिवसांत निर्णय आहे. “म्हणून फक्त एक कन्फर्मेशन हवंय. शीट विश्वासार्ह आहे, इतकंच. तुम्ही एकट्याच आहात आता त्या वेळच्या.” तिने एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. खाली सहीची जागा.

एकटीच आहात. हे खरं होतं आणि ते असं चहाच्या कपाशेजारी ठेवलेलं बघून मला जरा राग आला. साहेब जाऊन पंधरा वर्षं झाली. लॅब विकली, तिथे आता बारा मजल्यांच्या चार इमारती आहेत. चार टाक्या, चार इमारती, असं मी एकदा रिक्षातून जाताना मोजलं होतं. कोंडीराम सात-आठ वर्षांपूर्वी गेला असं मॅटाडोरच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. लॅब सुटल्यावर तो धानोरी-विश्रांतवाडीकडे बिल्डरांकडे गिलाव्याची कामं करायचा म्हणे. म्हणजे तिथल्या कितीतरी भिंतींवरून त्याचा अंगठा फिरलेला असणार. मी त्या बाजूला जाते तेव्हा जुन्या इमारतींच्या भिंतींना हात लावायची मला सवय आहे. जिन्यातले लोक बघतात. म्हाताऱ्या बाईला आधार लागतो असं समजतात.

चौथ्या टाकीत ते बेट बांधलं तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता. हे मी कोणाला बोललेले नाही, कारण पुढे जे झालं त्यानंतर ते बोलायचा मला हक्क नव्हता. वडील अंथरुणाला खिळलेले, मी आठ महिन्यांची कच्ची नोकरी करणारी, कोंडीराम तीन वर्षांपासून कच्चा. दोघांचे कायम करण्याचे कागद साहेबांच्या टेबलावर. तरी सकाळी शेडचं दार उघडलं की कोवळं ऊन टाकीच्या कोरड्या तळावर पडायचं आणि मला वाटायचं, समुद्राचा तळ पहिल्यांदा आपल्याला दिसतो आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला कोंडीरामने कडा केला होता, बेटाच्या कडेला लागून सरळ खाली. उत्तरेला लांबलचक ओटा, आणि त्या ओट्याच्या मधोमध एक घळ. माझ्या नकाशात आठ, नऊ, सात मीटर अशा आकड्यांमध्ये ओळीने अडतीस, एकोणचाळीस, सदतीस असे आकडे आले होते, बाहेरून थेट किनाऱ्याकडे. मी रेषा तशा वळवल्या होत्या. दिसायला ते वाईट दिसत होतं, सगळ्या रेषा एका जागी मुरगळल्यासारख्या. कोंडीरामने मात्र ती घळ जीव लावून कोरली. तिच्यात हात घालून म्हणाला, “बाई, कोपरापत्तूर जातोय. मासं हितंच ऱ्हात असतील बगा.”

मग टाकी भरली आणि लाट सोडली. एका टोकाची लोखंडी फळी पुढे ढकलली की लाट निघायची. लांब, जवळजवळ न दिसणारी, पाण्याने नुसता श्वास घेतल्यासारखी. दक्षिणेच्या कड्याकडून सोडली तेव्हा ती बेटाशी आली, बोटभर उंच झाली, निम्मी परत फिरली. उंच व्हायला तिला वेळच मिळत नव्हता. उत्तरेकडून सोडली तेव्हा ओट्यावर चढताना पुढचं पाणी मंदावलं आणि मागचं त्याच्यावर येऊन साचत गेलं. पण घळीवर ती मंदावली नाही. तिथे ती पुढे पळाली, दोन्ही बाजूंनी मागे राहिली, आणि तिची ओळ अशी वाकली की सगळा जोर घळीच्या दोन अंगांना ओतला गेला. घळीच्या टोकाशी, किनाऱ्यावर, पाणी जेमतेम हललं. दोन बाजूंना मात्र ते वाळूच्या बेटावर वीतभर आत गेलं. आम्ही दोघं टाकीच्या काठावर उकिडवे बसून बघत होतो. कोंडीराम म्हणाला, “मधल्याला सोडलं अन् शेजाऱ्यास्नी धरलं.” त्या वेळी मला इतकं हसू आलं. आता येत नाही.

साहेबांना हसू आलं नाही. त्यांना उत्तरेला धक्का बसवून द्यायचा होता आणि हे असलं उत्तर पाहुण्यांना दाखवता येत नव्हतं. “ड्रॉइंग तपासा, मिस वर्तक. असा तळ असतो का कुठे?” मी रात्रभर त्या तीन आकड्यांचा विचार केला. सकाळी मला पटलं: आठ, नऊ, सात असंच असणार, होडीतून दोरी सोडून खोली मोजणाऱ्या कारकुनाने पुढे आगाऊ तीन लिहिलेला आहे. तिन्हीच्या पुढे तोच तीन. आमच्या कामात अशा चुका असायच्या आणि त्या पकडण्याबद्दल मला शाबासकी मिळालेली होती. मोजणीची मूळ वही मागवायला पंधरा दिवस लागले असते. मी दाढीचं अर्धं पातं घेतलं आणि ट्रेसिंगच्या कागदावरचे, म्हणजे मूळ नकाशावरचे, तीन आकडे आणि त्या मुरगळलेल्या रेषा खरवडल्या, कडेकडेने, शाईचा कण राहणार नाही अशा. मग रेषा पुन्हा ओढल्या, सरळ आणि सुबक. एवढी देखणी दुरुस्ती मी आधी कधी केली नव्हती. आणि मी साहेबांना सांगणार होते की सर, माझ्याच लक्षात आलं, मी सुधारलं. हे वाक्य मी मॅटाडोरमध्ये तयार करून ठेवलं होतं.

ते वाक्य बोलायची वेळच आली नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. वेळ आली होती. साहेबांनी मूळ ट्रेसिंग टेबलावर पसरलं, बघितलं, आणि कोंडीरामला बोलावलं. “यात घळ कुठे आहे? दाखव. नकाशात नाही ती टाकीत कुठून आली?” मी शेजारी उभी होते. साहेब संतापलेले होते आणि मला वाटलं, आता थांबावं, जरा शांत झाले की सांगू. कोंडीराम नकाशावर वाकला. त्याने अंगठा फिरवला. उत्तरेच्या ओट्यावरून हळूहळू, गिलावा तपासतात तसा. एका जागी अंगठा अडला. खरवडलेली जागा कितीही घासली तरी हाताला खरखरीत लागते. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच तर आहे. साहेब म्हणाले, “तुला दिलेली प्रिंट आण.” ती पहिली प्रिंट, खरवडण्याआधीची, तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून नेहमी उशाच्या पोत्याखाली ठेवायचा, मला माहीत होतं. कोंडीराम म्हणाला, “भिजून फाटली, सायेब. चूक माजीच हाय. मला वाटलं घळ हाय.” त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने ती घळ भरली आणि वर गिलावा केला. त्याचा कायम व्हायचा कागद परत गेला. महिनाअखेर त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. शेडच्या दाराशी मी त्याला गाठलं. तोच म्हणाला, “बाई, मला निदान हाताला काम हाय कुटं बी. तुमचं म्हातारं हातरुनात हाय.” मग कळसच्या वाटेला लागला. पुढच्या आठवड्यात मी कायम झाले.

मोजणीची वही त्यानंतर तीन आठवड्यांनी आली, दुसऱ्याच कामासाठी. मी ती उघडली. अडतीस, एकोणचाळीस, सदतीस. स्वच्छ अक्षर. शेजारी शेरा: दोरी पुरली नाही, जोडून पुन्हा टाकली. मी वही मिटून कपाटात ठेवली, आणि मग तीस वर्षं त्याच मॅटाडोरने, पुढे बसने, कळसच्या थांब्यावरून गेले. कितीदा तरी वाटलं उतरावं. एकदा तर उठून दारापर्यंत गेले होते. कंडक्टर म्हणाला, “मावशी, उतरायचंय का दाराची हवा खायचीय?” मी परत येऊन बसले. त्यातच दोन हजार चारच्या डिसेंबरात टीव्हीवर ती त्सुनामीची लाट बघितली. चार दिवस मी जेवले नाही. पाचव्या दिवशी पेपरात त्या बेटाचं नाव सापडलं: पाणी पोटरीपर्यंत चढलं, दोन होड्या गेल्या, माणूस एकही नाही. मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले. वाटलं, सुटले. वीस वर्षं मी त्या एका ओळीवर काढली.

“त्सुनामी तर तिथे येऊन गेली होती,” मी अपेक्षाला म्हणाले. माझा आवाज मलाच लबाड वाटला. “काही झालं नाही.”

“ती दक्षिणेकडून आली ना, मॅम. तिकडे ड्रॉप एकदम खडा आहे, म्हणून वाचले. पुढची उत्तरेकडून येऊ शकते, मकरानच्या, म्हणजे इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याच्या बाजूने. त्यासाठी तर हे सगळं.” तिने बिस्कीट चहात बुडवलं. “अजून एक मजेशीर गोष्ट. मी तिकडच्या लोकांशी फोनवर बोलले. उत्तरेला एकच जागा आहे जिथे ते पावसाळ्यातसुद्धा होड्या लावतात. म्हणतात तिथे पाणी शांत असतं. का, ते त्यांना पण माहीत नाही. माझ्या मॉडेलमध्ये तर तिथे काहीच वेगळं दिसत नाही. शाळा त्याच्या थोडी बाजूला घेतलीय, दोनशे मीटरवर. होड्यांची गर्दी नको म्हणून.”

मधल्याला सोडलं अन् शेजाऱ्यास्नी धरलं. मला समोर चौथी टाकी दिसली, वाकलेली लाट दिसली, आणि वाळूवर वीतभर आत गेलेलं पाणी. त्या वीतभर पाण्यात आता दोनशेसाठ मुलं होती. माझ्यापुढे कागद होता आणि पेन होतं. हेही सांगायला हवं की मी पेन उचललं होतं. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला दुसरं काय हवं असतं? आपल्या रेषा चांगल्या होत्या एवढं कोणी म्हणावं, बस. ही मुलगी ते म्हणाली होती. ती गेल्यावर मी घेवडा आणायला परत जाऊ शकले असते.

“नळीत काय आहे?” मी विचारलं.

“ओरिजिनल आहे. सहज आणलं, तुम्हाला बघायला आवडेल म्हणून. स्कॅनमध्ये सगळं आलंच आहे.”

“सगळं नाही आलं.”

मी चहाचे कप उचलले, टेबल पुसलं, कोरडं केलं. नळीतून नकाशा मीच काढला. ट्रेसिंग पिवळं पडलं होतं. त्याच्या चार कोपऱ्यांवर मी मिठाची बरणी, चष्म्याचं घर, तिचा फोन आणि पंचांग ठेवलं. रेषा तशाच होत्या, सुबक. मग तिचा हात धरला. तो इतका मऊ होता की मला कोंडीरामचा आठवला.

“डोळे मीट,” मी म्हणाले. “हे उत्तर. इथून अंगठा फिरव, हळू. अडला की सांग.”

ती हसली, पण तिने डोळे मिटले. अंगठा ओट्यावरून निघाला. आठ, नऊ, सात.

“इथे,” ती म्हणाली. “इथे काहीतरी खरखरीत आहे. खाली पण आहे. लांबपर्यंत आहे, मॅम. हे काय आहे?”

“घळ आहे. चाळीस मीटर खोल. मी खरवडली. सही मागतेस ना, मग हे लिहून देते, त्याच्याखाली करते. होड्या लावतात ती जागा म्हणजे तिचं टोक. शाळा तिथे न्या, होड्या बाजूला करा.”

अपेक्षाने डोळे उघडले होते. तिचा अंगठा अजून तिथेच होता. मग वही काढून, संशोधक लोक विचारतात तसं तिने विचारलं, “पण हे तुमच्याशिवाय अजून कोणाला माहीत होतं?”

मी तिच्या हातातून पेन घेतलं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या दोन अक्षरांच्या खाली, ‘तपासणी’ असं लिहिलेली एक चौकट चाळीस वर्षं रिकामी होती. अक्षर पूर्वीसारखं बारीक आलं नाही. तरी वाचता येईल असं मी तिच्यात पूर्ण नाव लिहायला घेतलं, कोंडीराम, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.